पोरीच्या तोंडून

त्या वर्षी मीठ पिकेचना. उन्हाळा निम्मा सरला तरी आभाळावर पांढुरकं मळभ बसून होतं. पाऊस पडत नव्हता आणि ऊनही पडत नव्हतं. वारा तर मेल्यासारखा झालेला. मिठागराच्या वाफ्यांत सोडलेलं खारं पाणी सोडलं तसंच उभं होतं. सकाळी लांब दांड्याची फळी घेऊन उतरावं, तळ खरवडावा, काहीतरी चरचरल्यासारखं वाटावं आणि ओंजळीत घेऊन बघावं तर नुसता करडा गाळ.

नवराबायको दोघंही त्याच कामावर. दोघांचा मिळून एक वाफा, शेजारचा वाफा हसरीचा. हसरी एकटी बाई. तिचं खरं नाव काय ते तीही विसरली असेल. पायांच्या भेगांत खारं पाणी शिरलं की बाकीच्या बायका कण्हायच्या आणि हसरी म्हणायची, "मुरतायत गं पाय. मुरांबा होणार बघ आपला."

बांधावर, टोपलीच्या सावलीत, या नवराबायकोची पोरगी मैना बसलेली असायची. मैना हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. लोकांनी चिडवायला ठेवलं आणि तेच चिकटलं. पोरगी नऊ वर्षांची झाली तरी तिनं स्वतःचं असं एक वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. बोलायची ती दुसऱ्याचंच. कधी ऐकलेलं, कुठं ऐकलेलं, पण एकदम तिच्या तोंडून बाहेर यायचं आणि आवाजही ज्याचा त्याचाच यायचा. एकदा मुकादमानं बांधावर उभं राहून मालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. पुढं मालक पाहणीला आला तेव्हा मैनेनं त्या एकूण एक शिव्या, खाकरण्यासकट, त्याच्या तोंडावर परत केल्या. हसरी हसून हसून वाफ्यातच बसली.

पण हळूहळू माणसं पोरीसमोर बोलेनाशी झाली. ती जवळ आली की चाललेलं बोलणं तुटायचं. बायका टोपल्या उचलून दुसऱ्या बांधानं जायच्या. पोरीच्या भोवती नेहमी एक रिकामं रिंगण पडलेलं असायचं आणि त्या रिंगणात तिची आई फळी ओढत असायची.

शाळेतून आल्यावर एका संध्याकाळी पोरगी चुलीपुढं बसली होती. आई कांदा चिरत होती. मैना भिंतीकडं बघत, स्वच्छ, शिकलेल्या बाईच्या आवाजात म्हणाली, "हिला मागे ठेवा. कडी लावून घ्या. दमली की होईल गप्प."

विळीवरचा हात थांबला.

"काय गं बाय? कोण म्हणालं?"

विचारून उपयोग नव्हता. पोरीनं तेच पुन्हा म्हटलं. मग बोटानं जमिनीवर काहीतरी खरवडत बसली. तिची नखं तुटलेली होती आणि त्यांत पांढरा चुना होता. मिठाचं काम करणाऱ्याला मीठ आणि चुना यांतला फरक सांगावा लागत नाही.

दवाखान्यातल्या नर्सनं आईला आधीच सांगून ठेवलं होतं. अशा मुलांसाठी शाळेनं आईबापांना बोलावून बैठक घ्यायची असते. पोरीला काय येतं, काय येत नाही, तिला कोण शिकवणार, कुठं बसवणार, सगळं एकत्र बसून ठरवायचं असतं. "पण मागितल्याशिवाय देणार नाहीत," नर्स म्हणाली होती. "आणि एकदा मागून थांबू नका."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून तशीच शाळेत गेली. फरशी नुकतीच पुसलेली. चार पावलं टाकली आणि मागं वळून बघितलं तर तिच्या ओल्या पायांचे पांढरे ठसे उमटलेले, आणि शिपाईबाई फडकं घेऊन ते एकेक पुसत तिच्या मागं येत होती. ती थांबली की शिपाईबाईही थांबायची.

"मिठागरातली मैनेची आई आलीय," शिपाईबाईनं आत सांगितलं.

मुख्याध्यापिका वयानं फार नव्हत्या. बोलायला मऊ होत्या. तिला खुर्ची दिली, पण खुर्चीवर आधी वर्तमानपत्र अंथरलं.

"बैठक ना? घेऊ की. पण दोन्ही पालक लागतात. मुलीचे वडील तर एकदाही आले नाहीत."

"कामावर असतात. मी आलेय ना."

"तसं चालत नाही हो."

"आणि ते मागं ठेवतात, कडी लावतात, ते काय असतं?"

मुख्याध्यापिकांनी पेनाचं टोपण लावलं. "कोण म्हणालं?"

"पोरगी म्हणाली."

"ती बोलते?" त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, कीव आल्यासारखं हसल्या. "मागे सामानाची खोली आहे. मोडके बाक ठेवतो तिथे."

परत जाताना ती मुद्दाम मागच्या बाजूनं गेली. पडवीच्या टोकाला खालच्या छताची एक खोली होती. दाराला बाहेरून कडी, आणि कडी पार वर, मोठ्या माणसालाही हात उंचवावा लागेल अशी. आतून काही आवाज येत नव्हता. तरी दारापाशी उभं राहिल्यावर तिला वाटलं, पलीकडून कुणीतरी श्वास रोखून धरलाय. ती घाईनं निघाली. शिपाईबाई कोपऱ्यावर फडकं घेऊन उभीच होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "तू जा."

"दोघं लागतात म्हणे."

"व-वाफा कोण बघणार?"

तो बोलायला मुळातच अडायचा. शब्द ओठांशी येऊन ठेचकाळायचे, म्हणून त्यानं बोलणंच कमी करून टाकलं होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिलाही त्याचं ते मुकेपण अंगवळणी पडलेलं. पण एक गोष्ट तिच्या तेव्हा प्रथमच ध्यानात आली. रोज सकाळी पोरीला शाळेला तोच न्यायचा. मात्र पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंतच. तिथून हात सोडायचा आणि पोरगी फाटकात शिरेपर्यंत टाकीआड उभा राहायचा. शाळेची भिंतसुद्धा त्याला दिसायला नको असायची.

ती पुन्हा शाळेत गेली. मुख्याध्यापिका गावाला गेल्या होत्या. पुन्हा गेली, तर परीक्षा होत्या. पुन्हा गेली तेव्हा शिपाईबाईनं तिला बघताच फडकं उचललं आणि ती फाटकातूनच मागं वळली. वळली आणि स्वतःचाच राग आला, म्हणून परत फिरली. "दोघं येतो," तिनं सांगून टाकलं. "दिवस तेवढा द्या." मुख्याध्यापिकांनी सोमवार दिला.

नवरा येणार की नाही ते तिला ठाऊक नव्हतं.

आदल्या आठवड्यातली ती संध्याकाळ. मळभ इतकं खाली उतरलेलं की वाफे कुठं संपतात आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. सासू बाजेवर पडली होती. मिठावरची चकाकी जन्मभर बघून म्हातारीचे डोळे गेले होते. आता तिला सगळं पांढरंच दिसायचं. मैना उंबऱ्यात बसली होती. नवरा अजून यायचा होता.

मैनेनं तोंड उघडलं.

"पा-पाणी द्या ना बाई. मी नाही बो-बोलणार आता. पाणी द्या."

आवाज पोराचा होता. लहान, घसा सुकलेला, रडून रडून थकलेला पोर. आईला पहिल्यांदा वाटलं, म्हणजे त्या खोलीत आणखी एक मूल आहे. कुणाचं तरी पोरगं तिथं कोंडलंय आणि त्याच्या आईला पत्ताही नाही.

"बाई, अं-अंधार झाला. सगळे गेले का बाई?"

बाजेवर म्हातारी हलली. हाताच्या कोपरावर उठून बसली आणि दाराच्या दिशेनं तोंड करून सहज, रोजच्यासारखं म्हणाली, "आलास का रे? किती उशीर. पाय धू आधी."

"आई, मैना आहे ती," सून म्हणाली.

"मैना कशी? माझा आहे." म्हातारी बोलता बोलता थांबली. तिचा हात हवेत तसाच राहिला. "हा माझा आहे गं. लहान आहे अजून."

उंबऱ्याबाहेर काहीतरी पडलं. नवरा खांद्यावर फळी घेऊन कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. फळी त्याच्या पायाशी पडली होती आणि तो पोरीकडं बघत होता. पोरीनं तेच पुन्हा म्हटलं, त्याच आवाजात, तिथंच अडखळत. नवऱ्याचे ओठ हलत होते. ती काय म्हणणार ते त्याला आधीच ठाऊक असल्यासारखे, तिच्या बरोबरीनं.

तो वळून वाफ्यांकडं चालू लागला. बायको मागं गेली.

बांधावर बसून त्यानं सांगितलं. एकेक शब्द ओढून काढावा लागला, म्हणून फार नाही सांगितलं. तोही त्याच शाळेत होता. बोलताना अडायचा, पोरं हसायची, वर्गात गोंधळ व्हायचा. त्या वेळच्या बाई त्याला मागच्या खोलीत ठेवायच्या. रोजचंच होतं ते. एका संध्याकाळी विसरल्या. शाळा सुटली, कुलपं लागली. आई शोधत आली तेव्हा त्याचा आवाजच राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला नाही, त्यानंतर कधीच गेला नाही. आई सगळ्यांना सांगत राहिली, त्याला शिक्षणाची गोडी नाही.

"पोरीला कधी सांगितलं होतं?"

"कु-कुणालाच नाही. तुलासुद्धा नाही."

"मग तिला कुठून..."

त्यानं मान हलवली. दोघंही मागं वळून घराकडं बघायला धजत नव्हते. तिकडून, त्या पांढऱ्या हवेतून, पोर अजून पाणी मागत होतं.

तो म्हणाला, "सोमवारी ये-येतो मी."

आणि सोमवारीच ऊन पडलं. सकाळी दार उघडलं तर मळभ फाटून गेलेलं, वारा सुटलेला आणि वाफ्यांवर बघवणार नाही अशी चमक. दुपारपर्यंत मीठ धरणार, आणि धरलेलं तेव्हाच ओढलं नाही तर तळाशी दगडासारखं बसणार, हे कुणालाही कळत होतं. मुकादम बांधाबांधावरून ओरडत फिरत होता. ही दोघं धुतलेले कपडे घालून निघालेली बघून तो आडवा आला.

"आज? महिनाभर आभाळाकडं बघत बसलात आणि आज मीठ टाकून जाता?"

"शाळेत बैठक आहे," ती म्हणाली.

"पोरगी काय मामलेदार होणार आहे का?"

नवऱ्यानं बोलायचा प्रयत्न केला. मुकादम वाट बघत उभा राहिला नाही. शेजारच्या वाफ्यातून हसरी म्हणाली, "जा गं वहिनी. होईल तेवढं ओढते मी दोन्हीकडचं. मला काय, पोरं ना बाळं. मिठालाच मांडीवर घेते."

टाकीच्या वळणावर नवऱ्याचा पाय अडला. तीही थांबली. मैना दोघांच्या मध्ये होती. मग तो पुढं झाला.

बैठकीला मुख्याध्यापिका होत्या, वर्गशिक्षक होते आणि अशा मुलांना शिकवणारी एक फिरती बाई होती, गावोगावच्या शाळा करणारी. तिच्या चपला धुळीनं भरलेल्या होत्या आणि तिनं खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरू दिलं नाही.

वर्गशिक्षक म्हणाले, "शिकवायला आमची ना नाही. पण मुलगी मध्येच कुणाच्याही आवाजात बोलते. मुलं घाबरतात. खरं सांगायचं तर मलाही पाठमोरं होऊन फळ्यावर लिहायची भीती वाटते."

"ती शिकण्यासारखी नाही हो," मुख्याध्यापिका मऊपणानं म्हणाल्या. "सांभाळण्यासारखी आहे. आणि आम्ही सांभाळतो आहोत."

"मागच्या खोलीत?" आईनं विचारलं.

"कधीतरी. सगळ्यांच्याच भल्यासाठी. ती पद्धत काही आम्ही सुरू केली नाही. आम्ही आलो तेव्हापासून आहे."

नवरा उठला. पडवीतून सरळ मागं गेला. त्याला वाट विचारावी लागली नाही. बाकीचे मागोमाग धावले. त्यानं हात उंच करून कडी काढली, वाकून आत शिरला आणि मोडक्या बाकांमधल्या फटीत, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसला. एवढा थोराड माणूस, पण बसायची जागा त्याला नेमकी सापडली होती. त्याच्या बाजूच्या भिंतीचा चुना खालून, मुलाच्या हाताच्या उंचीइतका, खरवडलेला होता. काही ओरखडे ताजे पांढरे होते, काही जुने, काळपट.

"क-कडी लावा," तो म्हणाला.

"अहो, काय करताय? बाहेर या," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"लावा. आणि बाहेर उभ्या राहा. मी द-दमेपर्यंत."

आतून ओलसर, कोंदट वास येत होता. तेवढ्यात मैना आईचा हात सोडून आत गेली. बापासमोर उभी राहिली, आणि तिच्या तोंडून म्हातारीचा आवाज आला, थकलेला, मायेचा: "आलास का रे? किती उशीर. पाय धू आधी."

नवऱ्यानं गुडघ्यांत डोकं घातलं. त्याची पाठ हलत होती. शिपाईबाई फडकं तोंडाशी धरून पडवीतच खाली बसली. वर्गशिक्षक तिथून निघून गेले.

फिरत्या बाईनं मुख्याध्यापिकांकडं न बघता म्हटलं, "हे दार आज काढायचं. मग बाकीचं ठरवू."

ठरलं ते असं. मैनेनं वर्गातच बसायचं, खिडकीपाशी. फिरती बाई दर आठवड्याला येणार. ऐकलेलं बोलता येतं, तर ऐकवूनच शिकवायचं. पोरगी घाबरली तर आईला बोलवायचं, कोंडायचं नाही. महिन्यानं पुन्हा सगळ्यांनी बसायचं. शिपाईबाईनं स्वतः सुताराला आणलं आणि दार बिजागऱ्यांसकट निघालं.

परत आले तेव्हा अर्ध्या वाफ्यातलं मीठ रास करून ठेवलेलं होतं. अर्धं तळाला धरून बसलं होतं, ते पहारीनंही निघालं नाही. हसरीच्या तळव्यांची सालटी निघाली होती. मुकादम आला, बघितलं आणि पाठ फिरवून गेला.

त्या दिवसानंतर पोराचा आवाज पोरीच्या तोंडून पुन्हा आला नाही. म्हातारी मात्र संध्याकाळी दाराकडं कान लावून बसायची. नवरा तिच्यापाशी जाऊन बसायचा, "आ-आलोय मी आई" म्हणायचा. ती त्याच्या हनुवटीचे खुंट चाचपायची आणि "तू नव्हेस" म्हणायची.

ऊन मग टिकलं. मीठ पिकू लागलं, बांधांवर पांढऱ्या राशी उभ्या राहिल्या. शाळेला सुट्टी होती तेव्हाची गोष्ट. भर दुपार होती. सगळे वाफ्यांत वाकलेले, फळ्यांची खसखस तेवढी चालू. हसरी मुकादमाच्या चालीची नक्कल करून दाखवत होती आणि मैनेची आई कमरेवर हात ठेवून हसत होती.

बांधावरून मैना म्हणाली, "ताई, मी इथंय."

आवाज नवा होता. बारीक, अगदी लहान मुलाचा, दुधाचे दात पडलेल्या तोंडातून निघाल्यासारखा.

"ताई, कडी काढ ना. ताई, तू बाहेर आहेस ना?"

हसरीचा पाय नकलेत उचलला होता तो तसाच राहिला. मग तिनं तो सावकाश पाण्यात ठेवला. तिला धाकटा भाऊ होता, पहिलीत असतानाच तापानं गेला, एवढंच लोकांना माहीत होतं. ती त्याच्याबद्दल कधी बोलली नव्हती. त्याच्यावर विनोदही कधी केला नव्हता.

ती वाफा तुडवत पोरीपाशी गेली. धरलेलं मीठ तिच्या पावलांखाली मोडत होतं. बांधापाशी जाऊन ती पाण्यातच गुडघ्यांवर बसली.

"कडी उंच होती रे," ती म्हणाली. "हात पोचत नव्हता माझा. उड्या मारल्या मी. ऐकू आल्या नाहीत का तुला?"

मैना तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत होती.

"पुन्हा म्हण ना. एकदाच. 'ताई' म्हण."

आईनं फळी टाकली आणि धावत जाऊन पोरीला मागं घेतलं. "दमलीय ती. आज नको."

"वहिनी, एकदाच."

"आज नको म्हणतेय ना मी."

हे बोलताना तिच्या ध्यानात आलं की फळ्यांची खसखस थांबलीय. तिनं मान वर केली. लांबच्या वाफ्यांत माणसं ताठ उभी राहून इकडं बघत होती. मग एक बाई टोपली खाली ठेवून निघाली. तिच्यामागून एक म्हातारा. ज्यांनी एवढी वर्षं पोरीभोवतीचं रिंगण कधी ओलांडलं नव्हतं, ती सगळी चहूकडच्या बांधांवरून, त्या डोळे दिपवणाऱ्या उजेडात, सावकाश जवळ येत होती. मुकादमही येत होता. त्यानं डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं होतं.

कुणी कुणाचा आवाज मागितला नाही. जवळ आले आणि हात-दोन हात अंतर सोडून बांधावर बसले. आईनं पोरीला घट्ट पाठीशी धरलं. पाठीला पोरीची छाती लागत होती, आणि त्या छातीत श्वास भरत होता, बोलण्याआधी भरतो तसा.

समोरची सगळी तोंडं वर झाली.